कुत्र्यांच्या शाळेतली माणसं

चावल्याच्या जखमा भरून येतात, गोष्टी मात्र साठत जातात. नागापूरच्या एमआयडीसीमागे रफिकभाई आणि मी कुत्र्यांना वळण लावायचं काम करतो. हातावरचे व्रण आता पुसट झालेत. किस्से काही पुसले जात नाहीत.

*

पहिल्याच दिवशी एका कारखान्याचा रॉटवायलर आला. वॉचमनने दोरी माझ्या हातात दिली आणि तो गेटबाहेर जाऊन उभा राहिला. रफिकभाई लांबूनच म्हणाले, "ताई, डोळ्यांत बघू नका. पळू तर अजिबात नका." कुत्र्याने मला हुंगलं आणि तो माझ्याच पावलांवर बूड टेकून बसला. मी श्वास रोखून उभी. बाहेरून वॉचमनने विचारलं, "मॅडम, जित्या हाय का?"

*

घोडेगावच्या एका व्यापाऱ्याने पिटबुलचं पिल्लू आणलं. तिखट व्हावं म्हणून त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडलं, भाकरीत मिरच्या घातल्या, आल्यागेल्याकडून काठीने डिवचून घेतलं. कुत्रं झालं तिखट. आम्ही गेलो तेव्हा मालक शिडीवर उभा राहून वरच्या झरोक्यातून भाकरी टाकत होता. म्हणाला, "खोली माझी, कुत्रं माझं, आन् मलाच आत जाता येत न्हाई."

*

लॅब्रॅडॉर गरीब, असं सगळेच सांगतात. एका घरातला लॅब खाताना लहान मुलगी जवळ आली की गुरगुरायचा. गुरगुरला की आई त्याला पट्ट्याने मारायची. हळूहळू गुरगुरणं थांबलं, आई खूश झाली. मग एका दुपारी त्याने आवाजही न करता मुलीचा गाल धरला. आई रडत सांगत होती, अहो, अलीकडे तर तो किती शहाणा झाला होता. रफिकभाई म्हणाले, "गुरगुरून तो सांगत होता, बाई. तुम्ही त्याचं सांगणंच बंद केलंत."

*

पुणतांब्याच्या एका शेतकऱ्याने बिबट्याच्या धाकाने वासराएवढा मास्टिफ कुत्रा आणला. एकदा दिवेलागणीला बिबट्या खरंच गोठ्यापाशी आला. "त्यो पलंगाखाली, मी पलंगावर," शेतकरी सांगत होता. "भायेर भुंकत हुती ती आमची गावठी कुत्री, एकलीच." ती वाचली का, मी घाबरत विचारलं. "वाचली. पन आता आमा दोगांनाबी वसरीवर येऊ देत न्हाई."

*

नगरमधल्या एका साहेबांचा जर्मन शेफर्ड. तक्रार एकच: जगाला गरीब, फक्त साहेबांवर दात विचकतो. मी घरी गेले. कुत्र्याने माझा हात चाटला, दूधवाल्याला आत येऊ दिलं, साहेबांच्या पायाशी जाऊन तो निवांत झोपलासुद्धा.

वहिनींनी चहा आणला. कप ठेवताना थोडा बशीत सांडला. साहेब फक्त उठून उभे राहिले. वहिनी भिंतीला टेकल्या. आणि कुत्रा दोघांच्या मधे, मानेवरचे केस ताठ, ओठ वर ओढलेले.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "काही कारण नसताना."

त्याला सोमवारपासून शाळेत पाठवायचं ठरलं. निघताना फाटक लावायला वहिनी आल्या. साहेब दारातच उभे होते. वहिनी कडीकडे बघतच हळू म्हणाल्या,

"ताई, बाकी काय शिकवायचं ते शिकवा. त्याची ही एवढी सवय मोडू नका."