न उघडताच दिलेले पाच तारे

कोंढ्याच्या जवळ एका गावात मी सातवीला गणित शिकवते. मागच्या चाचणीत दोन मार्कांचा एक सोपा प्रश्न दिला होता : काटकोन त्रिकोण म्हणजे काय? वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं लिहिलं, ‘ज्या त्रिकोणाचा कोन उजव्या बाजूला असतो, त्याला उजवा त्रिकोण म्हणतात.’ खाली पट्टीनं आखून आकृतीही काढलेली. मी भलीमोठी फुली मारली.

पेपर वाटल्यावर ती टेबलाजवळ आली.

“मॅडम, हे चूक काहून केलं?”

“उजवा त्रिकोण असते काय कुठं? कोणी सांगतलं तुले?”

“तुमीच त सांगतलं होतं, सुट्टीत त्या अभ्यासाच्या साइटवर वाचा म्हणून. मी तेच वाचलं.”

दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांचा मोबाइल आणला आणि पान उघडून माझ्यापुढे धरलं. खरंच होतं. उजवा कोन, उजवा त्रिकोण. खाली सरकवलं तर सम संख्यांना ‘अगदी संख्या’ आणि विषम संख्यांना ‘विचित्र संख्या’. कुठल्यातरी यंत्रात इंग्रजी धडा टाकून निघालेलं मराठी कोणी एकदाही वाचून पाहिलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. त्या साइटवाल्यांना मी मनात काय काय बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मग आठवलं. मागच्या वर्षी याच साइटचं मूल्यांकन करायचा फॉर्म आम्हा शिक्षकांना आला होता. भाषा, अचूकता, वापरायला सोपी आहे का, मुलांच्या वयाला योग्य आहे का, प्रत्येकाला तारे द्यायचे. शेवटच्या दिवशी मी भंडाऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत उभी होते. साइट उघडतच नव्हती. फॉर्म मात्र उघडला. मी सगळ्यांना पाच-पाच तारे दिले आणि गाडीत चढले.

मी केंद्रप्रमुखांना फोन केला. “सर, माझं मागच्या वर्षीचं मत बदलायचं आहे.”

“मॅडम, कायले उकरून काढता? सगळ्यायनं उत्तमच भरलं होतं. यंदाचा फॉर्म आला की त्यात लिहा.”

महिन्याभरानं यंदाचा फॉर्म आला. या वेळी मी आधी पाच मुलींना एक मोबाइल देऊन बसवलं आणि सांगितलं, त्रिकोणाचा धडा तुमचा तुम्ही शोधा, मी बोलणार नाही. गप्प बसणं फार कठीण गेलं. एकीच्या नावानं लॉगिन केलं, तर दर वेळी ओटीपी मागत होतं, आणि तो जात होता वावरात असलेल्या तिच्या बापाच्या नंबरवर. ‘पुढे’चं बटण जाहिरातीखाली दडलेलं. व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला. “मॅडम, हे त सुरूच नाही होऊन राहिलं,” म्हणत दोघी उठून पाणी प्यायला गेल्या.

हे सगळं मी फॉर्ममध्ये भरायला घेतलं. तीनपेक्षा कमी तारे दिले की कारण लिहा, अशी सक्ती. मराठीत कारण लिहिलं तर ‘अवैध अक्षरे’. मराठी साइटबद्दल मराठीत तक्रार करायची सोय नाही! मग इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत बसले. शेवटच्या ओळीला आले तर ‘वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा’. तीनदा भरला तेव्हा कुठे तो गेला. शिवाय साइटच्या तळाशी असलेल्या पत्त्यावर वेगळं पत्र पाठवलं.

पत्राचं उत्तर आलं नाही. पण काही आठवड्यांनी त्या पानावर काटकोन दिसला. विषम संख्या अजून विचित्रच आहेत.

मार्कांचं राहिलं होतं. उत्तर तर चूकच, पण फुली मारायचा माझा हक्क तरी कुठं उरला होता? मी वर्गात सांगितलं, ही साइट मी न वाचताच तुम्हाला सांगितली, चूक माझी आहे. आणि उजवा त्रिकोण लिहिणाऱ्या त्या मुलीला दोन्ही मार्क दिले. तिनं लगेच पेपरवर सही करून मागितली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, “मॅडम, इंग्रजीची ते दुसरी साइट सांगतली, ते तरी उघडून पाहिली काय तुमी?”

पाहिली नव्हती. “मधल्या सुट्टीत पाहते,” मी जरा चिडूनच म्हटलं, आणि फळ्याकडे वळले.