खेचरावर गेलेली डबी

बाबांच्या खिशातली तंबाखूची डबी मी एकदा चारचौघांसमोर काढून घेतली, सामानाच्या बोचक्यात कोंबली आणि ते बोचकं खेचरावर लादून पुढच्या मुक्कामाला पाठवून दिलं. डबी उघडून पाहिली नाही. उघडायला किती वेळ लागतो? अंगठ्याने ढकललं की झालं. पण मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते, आणि त्या वयात मला सगळं न उघडताच कळत असे.

त्या बाईची, म्हणजे माझीच, मी आता नातवंडांसमोर नक्कल करते आणि ती पोट धरून हसतात. डोंगरावरचा तो एक तास मात्र मी त्यांना कधी सांगत नाही.

छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि आमचं ऑफिस शंकर नगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात भरू लागलं. स्वयंपाकघरात आवक-जावक, न्हाणीघरात भोपाळहून आलेल्या फायलींचे गठ्ठे. मला बढती मिळाली. हाताखाली चार माणसं आली अन् डोक्यात हवा गेली. घरी भाजी काय करायची हेही मी परिपत्रक काढल्यासारखं सांगत असे.

आई-बाबा रायपुरातच, तात्यापारा वस्तीत राहत. बाबा रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला. निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली तरी शिट्टी खुंटीला टांगलेली, आणि घरातून कुणी निघालं की ते दारात उभं राहून आधी डावी-उजवी पाहत, मग म्हणत, "हं, सुटा." आई वर्ध्याकडची. रेल्वेच्या पासवर तिने पुष्कळ मुलूख पाहिला, पण सगळा सपाट. एकदा मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "बर्फाचा पहाड कसा दिसते थे एकदा पाहाचं होतं बाप्पा. फ्रिजातलं बर्फ पाहून पाहून कंटाळली मी."

झालं. मी कामाला लागले.

ऑफिसातली एक तरुण मुलगी कुमाऊँच्या डोंगरात जाऊन आली होती. तिथे गावोगावी चालणाऱ्यांसाठी दगडी झोपड्या होत्या. सकाळी एका झोपडीतून निघायचं, डोंगरवाटेने दुसरीला पोचायचं, तिथेच जेवून झोपायचं. तिची वाट आठ दिवसांची आणि दम काढणारी. ती मी छाटून चार दिवसांची केली. रोज पाच किलोमीटरच्या आत, मोठा चढ असेल तिथे अर्ध्यावरच मुक्काम, सामान खेचरावर पुढे. चालणाऱ्याच्या अंगावर फक्त पाणी, काठी आणि स्वेटर. त्याचा मी एक तक्ता केला. ऑफिसच्या लांब कागदावर, पट्टीने रेघा मारून: अंतर, चढ, विश्रांतीची जागा, चहाची सोय, आणि आईच्या गुडघ्यांसाठी एक खास रकाना, 'संडास कसा'.

लोक म्हणाले, काय पद्धतशीर बाई आहे! खरी गोष्ट अशी की मी घाबरले होते. शेजारची भाभी रोज फाटकावर उभी राहून म्हणे, "दीदी, इस उमर में? वहाँ कुछ हो गया तो?" तेवढं बोलून ती आपल्या घरी जाऊन झोपे. मी जागीच. पाय मुरगळला तर? रकाना. जुलाब झाले तर? रकाना. भीती वाटली की मी एक रेघ मारत असे. शेवटी तक्ता एवढा लांब झाला की बाबा म्हणाले, "हे गाडीचं टाइमटेबल हाये का मालगाडीचा रेक?"

मग सराव. पुरानी बस्तीजवळच्या तळ्याला रोज संध्याकाळी दोन फेऱ्या. पुढे मी, मधे आई, शेवटी बाबा; गार्ड शेवटीच राहणार. दुसऱ्या फेरीत एका ठरावीक जागी बाबा वाकून बुटाची नाडी बांधत. बराच वेळ बांधत. मी तक्त्यात लिहिलं: 'नाडी वारंवार सुटते. बूट बदलणे.' आणि त्यांना बिननाडीचे, पट्टी चिकटवायचे बूट आणून दिले. त्यानंतर ते त्याच जागी थांबून तळ्यातले मासे पाहू लागले. मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणूस कसा लहान मुलासारखा होतो!

निघण्याआधी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "सीने में कभी दर्द? चलते समय?" बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नहीं नहीं, कभी नहीं. रोज दो चक्कर लगाते हैं." बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं. मी त्याही रकान्यात बरोबरची खूण केली.

तंबाखूबंदी हा तक्त्याखाली लिहिलेला सातवा नियम होता. बाबांची डबी दोन तोंडांची होती, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. पन्नास वर्षांची सोबत. त्यांनी कबूल केलं, सोडतो. मीही मानलं.

पहिला दिवस फार छान गेला. आई झोपडीच्या अंगणात खुर्चीवर बसून ढगांना शिव्या देत होती, कारण पहाड त्यांच्या मागे होता. झोपडीची मालकीण साठीच्या आतबाहेरची, काटक बाई. दुसऱ्या दिवशी तीच आमच्याबरोबर पुढच्या गावापर्यंत येणार होती. आम्ही तिला दीदी म्हणत होतो, ती बाबांना बाबूजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेचरवाला सामान बांधत होता आणि मी आई-बाबांचं ओझं तपासत होते. बाबांच्या स्वेटरचा खिसा फुगलेला दिसला.

"हे काय आहे?"

"राहू दे नं."

"तंबाखू?"

बाबांनी खेचरवाल्याकडे पाहिलं, दीदीकडे पाहिलं, मग आईकडे. "हव," ते म्हणाले. रायपुरात जन्म काढलेल्याचा हव, होकारही आणि विषय संपवणंही. "तंबाखूच हाये. खात नाही मी. नुसती जवळ राहू दे."

"नियम म्हणजे नियम, बाबा." मी हात घालून डबी काढली, बोचक्यात टाकली, वर दोरी आवळली. एवढ्या लोकांत. सत्तरीच्या माणसाच्या खिशात हात घातला मी, शाळेतल्या पोट्ट्याच्या घालावा तसा. खेचर घंटा वाजवत निघालं. ते वळणापलीकडे जाईपर्यंत बाबा पाहत उभे होते, आणि त्या सकाळी त्यांनी "सुटा" म्हटलं नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मीच म्हटलं, "चला."

वाट सोपी होती. तक्त्यात तसं लिहिलंच होतं. बांजाच्या, म्हणजे तिकडच्या ओकच्या, जंगलातून हलका चढ, पायाखाली वाळलेली पानं. दीदी पुढे, मग मी, मग आई, शेवटी बाबा. तासभर चाललो असू. मी सहज मागे वळून पाहिलं. बाबा बरेच मागे राहिले होते आणि वाकून बुटाची नाडी बांधत होते.

मी पुढे दोन पावलं टाकली. मग थांबले. पट्टीच्या बुटाला नाडी नसते.

धावत खाली आले तोवर ते वाटेच्या कडेला बसले होते. चेहरा राखेसारखा. त्या थंडीत कपाळावरून घाम ओघळत होता. उजवा हात छातीच्या मधोमध, मूठ वळलेली.

"डबी," ते म्हणाले.

आणि मी काय म्हणाले? हे लिहितानाही लाज वाटते. मी म्हणाले, "बाबा, आत्ता तंबाखू?"

त्यांनी मान हलवली. एकेक शब्द ओढून काढावा तसे बोलले. "चुन्याच्या बाजूले... गोळी हाये. जिभेखालची."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती खाली बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, स्वेटरची बटणं काढू लागली. दीदीला मराठी येत नव्हतं, पण कळायला तिला भाषा लागली नाही. "खच्चर पर है? डब्बा?" मी हो म्हटलं. तिने पदर कमरेला खोचला आणि वाट सोडून सरळ जंगलात शिरली, खेचरांची वेगळी, लांबची वाट खालून जाते तिकडे. थोडा वेळ पानांचा आवाज आला. मग तोही नाही.

माझ्या पाठीवरच्या पिशवीत औषधांचा निळा डबा होता; तेवढा अपवाद मी स्वतःपुरता ठेवला होता. त्यात अकरा औषधं, प्रत्येकाची वेगळी पुडी, वर माझ्या सुवाच्य अक्षरात नाव: रक्तदाब, साखर, जुलाब, उलटी, मुरगळ, जळवा. जळवा! तिथे त्या दिवसांत जळवा नव्हत्याच. मी तो डबा तीनदा उघडला. जणू बारावी पुडी आपोआप उगवेल. मोबाईल आभाळाकडे धरून गोलगोल फिरले. त्यावर रेंजची एक काडी येत नव्हती. तक्ता खिशात होता. त्यात 'येथून परत कसे' असा रकाना नव्हता.

"बाबा, बोलू नका," मी म्हणत होते. आणि ते गप्प झाले की, "बाबा, बोला ना."

त्यांचं मनगट मी हातात धरलं होतं. त्यावर नोकरीतलं घड्याळ. सेकंदकाटा पुढे जायचा, आणि मी त्यांच्या छातीकडे पाहायची, वर आली का. आली. आता? आली. एकदा ती वर यायला इतका वेळ लागला की मी त्यांचा खांदा हलवला. आई त्यांच्या केसांवरून हात फिरवत होती.

तेवढ्यात उजेड बदलला. मी मान वर केली. समोरचे ढग फाटले होते आणि अख्खी रांग उभी होती, पांढरी, इतकी जवळ की हात लावावा. आई ज्यासाठी रायपूरहून इथवर आली होती तेच. मी "आई" म्हटलंसुद्धा. तिने डोळे वर केले नाहीत. ती बाबांच्या ओठांकडे पाहत होती. ओठांचा रंग निळसर होत चालला होता. थोड्या वेळाने ढग परत जुळले.

पन्नास मिनिटं. बाबांच्याच घड्याळात मोजलेली. मग घंटा ऐकू आली.

दीदी खेचराला ओढत आणत होती, मागून खेचरवाला पळत. तो एव्हाना पुढच्या गावात पोचलाच असता, पण वाटेत विडी ओढायला बसला होता, म्हणून सापडला. तंबाखूवर मी त्यानंतर कुणालाही भाषण दिलेलं नाही.

दोरी सुटेना. गाठ मीच आवळली होती. दीदीने कमरेच्या कोयत्याने दोरी कापली. डबी हातात आली आणि मी घाईत चुकीचं तोंड उघडलं. तंबाखू भुरभुर उडाली. दुसरं तोंड उघडलं. कापसात गुंडाळलेल्या, साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या. आईने माझ्या हातून डबी घेतली आणि गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली.

मग परत घड्याळ. काही मिनिटांनी त्यांची मूठ सैल झाली. कपाळ पुसलं तेव्हा त्यांनी डोळे उघडून आईला विचारलं, "पाहाड दिसला का?" आई म्हणाली, "चुपचाप पडा."

खेचरावर बसवून, दोन्हीकडून धरून, आम्ही त्यांना रस्त्यापर्यंत उतरवलं. तिथून जीपने खालच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात. पूर्ण उताराभर मी त्यांचा एक पाय धरून चालत होते, आणि खेचराचा खूर घसरला की मनात म्हणत होते, मला ने, मला ने. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. म्हणाले, वेळेत गोळी मिळाली. वेळेत! मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खिडकीपाशी गेली. तिथून डोंगर स्वच्छ दिसत होता. तिने पाहिला, पुरेसा पाहिला, आणि म्हणाली, "पाहलं. आता घरी चला." मग ती चहा आणायला खाली गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो.

बाबांनी तेव्हा सांगितलं. महिनाभरापूर्वी तळ्याच्या फेरीत छाती धरली होती. एकटेच रेल्वेच्या दवाखान्यात गेले, गोळ्या आणल्या आणि डबीतला चुना धुऊन काढून तिथे ठेवल्या. त्या डबीला आई हात लावत नसे. मला कळलं असतं तर मी सगळं रद्द केलं असतं, आणि आईचा पहाड राहून गेला असता.

मी रडत होते. नाक ओढत मी त्यांना विचारलं, "पण बाबा, त्या सकाळी, मी डबी घेतली तेव्हा तरी काहून नाही सांगितलं?"

त्यांनी हात पुढे केला. मी डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. ती उलटसुलट करून पाहत ते म्हणाले:

"तू विचारलं कुठं, पोरी? तू त झडती घेतली. आता पुढच्या खेपेले आधी विचारजो. अन् हे पाह्य, गोळीचं तोंड इकडचं, ध्यानात ठेव. तिकडचं उघडू नको. थे माहं हाये."