साठ दिवस बॉयलर कोणी चालवला?

बॉयलरकाकूंचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर छापलेलं होतं आणि ते तिथेच सुखाने राहत होतं. बाकी सगळ्या जगासाठी त्या बॉयलरकाकू. वय बावन्न, आवाज खणखणीत आणि वाफेशी पंचवीस वर्षांचं सख्य. वडील बॉयलरवर होते. त्यांचा डबा पोचवता पोचवता काकूंनी ते काम बघून बघूनच उचललं आणि रीतसर परीक्षेला बसल्या. परीक्षकाने चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, झेपेल का हे?" काकूंनी त्यालाच बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या गेज ग्लासबद्दल दोन उलटे प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचं उत्तर त्याला देता आलं, हे त्याचं नशीब.

काम ठेकेदारीचं होतं. कुठला बॉयलरवाला रजेवर गेला की एजन्सी त्याच्या जागी काकूंना पाठवायची. इस्पितळांच्या चादरी आणि गाऊन धुणारी एक मोठी लाँड्री होती. तिथल्या कायमच्या माणसाने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि त्याच्या जागी काकूंनी दहा आठवडे काम केलं. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे एकूण साठ. लाँड्री पैसे एजन्सीला देणार, एजन्सी काकूंना देणार, असा मामला. पहिला टप्पा बिनबोभाट पार पडत होता, घोडं अडलं ते दुसऱ्यापाशी.

इकडे घरी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. पैसे वीस तारखेच्या आत भरायचे, नाहीतर नंबर जाऊन पुढचा थेट चार महिन्यांनी. सासूबाई स्वतः निवांत होत्या. "मला कसली घाई? दिसत नाही तोवर तुझ्या हातची भाजी बरी लागते," म्हणायच्या. पण त्याच आठवड्यात जिन्याची शेवटची पायरी त्यांच्या अंदाजातून निसटली आणि हात मोडता मोडता वाचला. त्या रात्री काकूंना काही केल्या झोप लागेना.

एजन्सीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. बाहेर चार खुर्च्या, एक पाण्याचा जार आणि टेबलामागे एक रिसेप्शनिस्ट. काकूंनी तिथे इतके हेलपाटे घातले, की रिसेप्शनिस्ट त्यांना बघताच जारमधून ग्लास भरून पुढे करायची. कधी फाईल वर गेलेली असायची, कधी फाईल खाली आलेली असायची. साहेब आहेत, पण मीटिंगमध्ये आहेत. साहेब मीटिंगमध्ये नाहीत, पण मग ते ऑफिसातही नाहीत. शेवटी एकदा साहेबांशी जिन्यातच गाठ पडली.

"काकू, टाइमशीट कुठाय?" साहेब म्हणाले. "लाँड्रीच्या सुपरवायझरची सही असलेला कागद आमच्याकडे आलाच नाही. कागद नाही तर पैसे कसे देऊ?"

"दर शनिवारी सही घेऊन मी त्यांच्याच टेबलावर ठेवत होते. ते तुमच्याकडे पाठवतो म्हणायचे."

"मग त्यांना विचारा."

"ते नोकरी सोडून गेले."

"बघा म्हणजे!" साहेब अशा काही समाधानाने म्हणाले, जणू काकूंनीच त्यांची बाजू मांडली होती.

काकू लाँड्रीच्या मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण अंगाला काही लावून न घेणारा. "तो तुमचा आणि एजन्सीचा प्रश्न हो," असं म्हणून त्याने हात वर केले. वीस तारखेला आता सहाच दिवस उरले होते.

दुसऱ्याच दिवशी काकू पुन्हा एजन्सीत गेल्या आणि थेट साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"पैसे देणार नसाल तर तसं लेखी द्या. सही-शिक्क्यानिशी. मग मी पुन्हा तुमचा जिना चढणार नाही."

साहेबांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्यांनी ताबडतोब रिसेप्शनिस्टला बोलावून पत्र टाइप करून घेतलं. सदर व्यक्ती उपरोक्त साठ दिवसांत कामावर हजर असल्याची कोणतीही नोंद नाही, सबब वेतन देणे लागत नाही. खाली झोकदार सही आणि शिक्का.

काकूंनी पत्र दोनदा वाचलं. साठ दिवस त्यांनी डबाही बॉयलरसमोर उभ्यानेच खाल्ला होता, कारण गेज ग्लासमधल्या पाण्याच्या पातळीवरून नजर हटवायची नाही हे वडिलांनी अंगात मुरवलेलं. आणि हा माणूस म्हणतो, हजरच नव्हती! पैशांपेक्षा हे जास्त झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. मग पत्राची नीट घडी घालून त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं आणि साहेबांना चक्क "आभारी आहे" म्हणाल्या. रिसेप्शनिस्ट जिन्यापर्यंत मागे आली आणि हळूच म्हणाली, "काकू, वाईट वाटलं हो." काकूंनी तिच्या गालाला हात लावला. "अगं, तुझ्या साहेबांनी आज पहिल्यांदा माझं काम केलंय."

तिथून त्या तडक लाँड्रीत गेल्या आणि मॅनेजरपुढे पत्र उघडून ठेवलं.

"साहेब, एजन्सी म्हणते मी इथे नव्हते. असेल बाई. मग मला एवढंच सांगा, साठ दिवस तुमचा बॉयलर कोणी चालवला?"

मॅनेजरने आधी पत्राकडे बघितलं, मग काकूंकडे, मग भिंतीवरच्या बॉयलरच्या परवान्याकडे. लायसन्सवाला माणूस समोर नसताना बॉयलर एक मिनिटही पेटता ठेवायचा नाही, हा नियम. मोडला तर परवाना जातो आणि खटला होतो तो वेगळाच. त्यात पुढच्याच महिन्यात बॉयलर निरीक्षक वार्षिक तपासणीला येणार होता. असा सही-शिक्क्याचा कागद त्याच्या हाती लागला तर काय, हे मॅनेजरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची पाचावर धारण बसली.

"अहो पण तुम्ही होतात की!" तो जवळजवळ ओरडलाच.

"मी तेच तर म्हणतेय दोन महिने."

लॉगबुकं निघाली. दर तासाला वाफेचं प्रेशर, पाण्याची पातळी, ब्लो-डाऊनची, म्हणजे तळाचा गाळ सोडल्याची वेळ, आणि समोर काकूंची सही लायसन्स नंबरासकट. एक तास सुटलेला नव्हता. मग मॅनेजरला आणखी काहीतरी आठवलं आणि त्याने बिलांची फाईल मागवली. एजन्सीने काकूंच्या नावाने साठ दिवसांचे पैसे लाँड्रीकडून कधीच उकळले होते. जी बाई हजरच नव्हती, तिचं बिल मात्र एका दिवसाचाही खाडा न धरता लावलेलं!

मॅनेजरने एजन्सीला फोन लावला. एरवी मिळमिळीत बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज बाहेरच्या इस्त्रीच्या मशीनपर्यंत गेला. फोन चालू असताना काकू बिल वाचत होत्या. दर दिवशी, एका बॉयलर ऑपरेटरचे, एकोणीसशे. काकूंशी ठरले होते बाराशे. त्यांनी बोट ठेवून आकडा पुन्हा वाचला. मधले सातशे रोज त्या दुसऱ्या मजल्यावर जात होते.

संध्याकाळच्या आत काकूंच्या खात्यात बहात्तर हजार जमा झाले. साहेबांचा फोनही आला. आवाजात मध कालवलेला. "काकू, गैरसमज झाला. ते पत्र तेवढं परत आणून द्याल का?"

"शब्द दिलाय ना तुम्हाला," काकू म्हणाल्या, "तुमचा जिना चढणार नाही म्हणून."

अठरा तारखेला ऑपरेशनचे पैसे भरले. पट्टी सुटल्यावर सासूबाईंनी सुनेकडे बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, किती वाळलीस तू!" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेसमोर डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर धावले, डोळ्याला हात लावू नका म्हणून.

पंधरवड्याने लाँड्रीचा मॅनेजर फोनवर आला. कायमचा बॉयलरवाला गुडघ्यामुळे आता कामावर परतणार नव्हता.

"एजन्सीला सांगून तुम्हालाच बोलावून घेऊ का, काकू?"

"एजन्सी मधे कशाला?" काकू म्हणाल्या. "मी सोमवारी येते. रोजचे एकोणीसशे."

मॅनेजर चाचरत म्हणाला, "काकू, जरा जास्त होतात हो."

"साठ दिवस तुम्ही माझ्यासाठी तेवढेच देत होतात," काकू म्हणाल्या. "फक्त मला माहीत नव्हतं."