झाकणातला व्हॉल्व्ह

बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा त्यांच्या साहेबांचा फोन आला. "मी तुमच्या वडिलांचा साहेब बोलतोय." निवृत्त होऊन वीस वर्षं झालेला माणूस अजूनही स्वतःची ओळख 'साहेब' अशीच करून देत होता. "जरा काम होतं, येऊ का?" मी म्हटलं, "या ना." मी फोन ठेवला. या माणसाला आपल्याकडे काहीतरी मागायला यावं लागेल, असा दिवस मी शाळेत असल्यापासून मनात रंगवत आले होते.

बाबा शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पाठीवर अडकवून फवारणी करायचे पंप तिथे बनत. एका रविवारी ते लोणी काळभोरला मित्राकडे गेले. मित्राने सदरा वर करून पाठ दाखवली. "तुमच्याच पंपाची करामत हाय ही. वाकलं की झाकणातनं औषध गळतंय." पाठभर भाजल्यासारखे चट्टे होते.

त्यानंतर आठ-दहा दिवस बाबा जेवतानाही ताटात बोटाने रेघा मारत. विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत जमिनीवर कागद पसरून त्यांनी झाकणात बसणारा एक छोटा व्हॉल्व्ह रेखाटला. हवा आत जाईल, औषध बाहेर येणार नाही. इतकीच करामत. मी सातवीत होते. पट्टी सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून बसायचे.

कारखान्यात त्याची दुसरी प्रत निघाली आणि तिच्यावर सही साहेबांची झाली. पंपाला बक्षीस मिळालं. कंपनीच्या मासिकाच्या अंकात शाल पांघरलेल्या साहेबांचा पानभर फोटो आला. आईने तो अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. "तुमचं नाव कुठाय?"

"शेतकऱ्याची पाठ वाचली ना?" बाबा म्हणाले.

हा चांगुलपणा मला वारशात मिळाला नाही. मी आईवर गेले.

पुढे परदेशी कंपनीशी भागीदारी झाली, कॉम्प्युटर आले. साहेबांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आधीच टाइप करून ठेवलेला होता. "हाताच्या ड्रॉइंगला आता कोण विचारतं? आपण फक्त सही करा." त्यात स्वेच्छा कुणाची होती, हे बाबांनी विचारलं नाही. नंतर कितीतरी दिवस ते कंपनीच्या बसच्या वेळेला घराबाहेर पडत आणि तासाभराने परत येत. जेवणावरची वासनाच गेली होती त्यांची.

मी कॉम्प्युटर शिकले, खराडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले. आमच्याकडे मॅनेजरलाही नावाने हाक मारतात, असं बाबांना सांगितलं, तेव्हा ते हसले. "मग सही कुणाची होते?" त्या विषयावर ते एवढंच काय ते बोलले.

साहेब आले. काठी, पांढरा सदरा, जिना चढल्यामुळे लागलेला दम. आईने चहा टाकला नाही. ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. पाणी मी दिलं.

"आत्मचरित्र लिहितोय," ते म्हणाले. "पंपाचं मूळ ड्रॉइंग हवंय. कंपनी बंद झाली तेव्हा सगळे कागद रद्दीत गेले. तुमच्या वडिलांनी एखादी प्रत ठेवली असेल. अक्षर फार सुंदर होतं त्यांचं."

"आहे ना." मी कपाटातून गुंडाळी काढली आणि त्यांच्यासमोर उघडून धरली. कोपऱ्यात बाबांची सही होती. साहेबांनी हात पुढे केला. मी कागद तेवढाच मागे घेतला. "देते. पण खाली छापा, हे कुणी काढलं ते."

"अहो, असं कुणाकुणाचं नाव लिहायचं? कंपनीत तीनशे माणसं होती."

"मग उरलेल्यांपैकी कुणाकडे मिळतं का बघा."

ते काठी टेकत उठले. मग भिंतीला धरून जिना उतरले. आतून आईने विचारलं, "गेला का?"

पुस्तकाच्या प्रकाशनाची बातमी पेपरात आली. प्रवेश सर्वांना खुला होता, म्हणून मीही गेले. दारातच पुस्तक घेतलं आणि पंपाचं प्रकरण उघडलं. आठवणीवरून कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर नवीन चित्र करून घेतलं होतं. मी चित्रावरून बोट फिरवलं. व्हॉल्व्ह उलटा होता.

कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता. साहेबांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. बाबांनी तेच केलं असतं. मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

भाषणं संपल्यावर कुणाला काही विचारायचंय का, अशी विचारणा झाली. मी उभी राहिले. "साहेब, या चित्राप्रमाणे पंप केला तर तो कसा चालेल?"

"उत्तम चालेल. हजारो चालले की!" लोक हसले.

"हो, पण यात हवा आत कुठून येईल?"

त्यांनी चष्मा लावला, पान जवळ धरलं, मग लांब धरलं. मी उभीच होते. पुढच्या रांगेतल्या निवृत्त इंजिनिअरांनी आपापल्या प्रती उघडल्या. कुणीतरी पुटपुटलं, "उलटाय हा." ते सभागृहभर पसरत गेलं. साहेब अजून पानाकडेच बघत होते. नक्की चुकलंय काय, हे त्यांना कळतच नव्हतं.

"यात हवा आत जात नाही आणि औषध पाठीवर गळतं," मी म्हटलं. "ज्याने हा व्हॉल्व्ह शोधून काढला तो झोपेतही हे चुकणार नाही. म्हणून विचारलं." आणि बसले. इतकं छान मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

जिन्यात बाबांच्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला गाठलं. "तुम्ही त्यांची मुलगी ना? फार बरं केलंत. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मुलं लहान होती आमची."

"मीही लहानच होते," मी म्हटलं आणि त्यांचा नमस्कार न घेता खाली उतरले.

आईने मला सगळं दोनदा सांगायला लावलं. चष्मा लावल्याचं तर तीनदा.

आठवड्याभराने साहेबांच्या मुलीचा फोन आला. "बाबा धड जेवत नाहीत. ऐंशीच्या पुढच्या माणसाला असं चारचौघांत..."

"माझे बाबाही जेवत नव्हते," मी म्हटलं. "तेव्हा तुमच्याकडून कुणाचा फोन आला नाही."

वर्षाच्या आत साहेब गेले. पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'आधुनिक फवारणी पंपाचे जनक'. मी ते आईला वाचून दाखवलं. माझा आवाज चढला होता. आई तांदूळ निवडत होती.

"त्या दिवशी हॉलमध्ये किती माणसं होती?" तिने विचारलं.

"असतील शंभर-सव्वाशे."

"त्यांना तरी माहीत आहे," ती म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.