पालेभाजीचे दोन महिने

माझ्या बायकोच्या हृदयात एक धातूची झडप आहे. ती उघडते-मिटते तेव्हा आवाज होतो. ऑपरेशन करून तिला भाईंदरला घरी आणलं त्या दुपारी आम्ही दोघं न बोलता बसलो होतो आणि मला सारखं वाटत होतं, घड्याळ आज फार मोठ्यानं वाजतंय. मग लक्षात आलं की आमच्या घरात टिकटिकणारं घड्याळच नाही.

लहानपणी, लातूरकडे असताना, तिला सांधे सुजून ताप यायचा. तो ताप गेला, पण जाताना हृदयाची झडप खराब करून गेला. हे आम्हाला कळलं ती अडतीस वर्षांची झाल्यावर. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती आणि खोका उचलला की तिला दम लागायला लागला होता. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात झडप बदलली. नवी झडप धातूची, म्हणून तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये यासाठी रक्त पातळ करायची गोळी आली. ती जन्मभर घ्यायची.

डिस्चार्जच्या दिवशी नर्सनं वॉर्डाच्या दारातच सगळं सांगितलं. माझ्या एका हातात फाईल, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी, काखेत बायकोची चादर. मागे लिफ्टवाला ओरडत होता. नर्स भराभर हिंदीत बोलत होती: "गोली रोज एक ही टाइम पे. खून की जाँच हर महीने, भूलना नहीं. हरी सब्ज़ी एकदम से कम-ज़्यादा नहीं करने का."

मी मान हलवली. मी शाळेत क्लार्क आहे. दाखल्यावर एक वेलांटी चुकली तरी मला दिसते. पण ते वाक्य मी अर्धंच घरी आणलं. हिरवी भाजी कमी करायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

पहिले तीन महिने तर पालेभाजी अशी नव्हतीच. मला स्वयंपाक येत नव्हता. मुगाची खिचडी, दुधी, पडवळ, वरणभात, हे मी आळीपाळीनं करायचो आणि ती तेच खायची. दर महिन्याला रक्त तपासायचो. रक्त किती पातळ आहे याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा होता, आणि तो तसा येत होता. त्या दुधी-खिचडीवरच तिच्या गोळीचं माप बसलं होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिला पचेनात. ही बातमी फोनवरून लातूरला गेली आणि आठवड्याभरात मामी दारात उभ्या राहिल्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. पिशवीत दोन किलो चवळी, किलोभर पावटे, लसूण आणि घरचं काळं तिखट.

"लेकराच्या अंगात रगत नाही अन् तुम्ही दुधी खाऊ घालता, जावईबापू?" त्या म्हणाल्या.

मामींचे गुडघे गेलेले. ओट्यापाशी उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या स्टुलावर बसायच्या, मला सांगायच्या आणि मी करायचो. असा मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गरगटं शिकलो. त्यांच्याकडे दोन-तीन पालेभाज्या आणि कडधान्य एकत्र शिजवून घोटतात, त्याला गरगटं म्हणतात. चवळी सकाळी भिजत घालायची. संध्याकाळी ती आणि मूठभर हरभऱ्याची डाळ मऊ शिजवायची. पालक, मेथी, आंबट चुका, जे असेल ते चिरून त्यात घालायचं. पाल्याचं पाणी सुटलं की रवीनं घोटायचं, चमचाभर ज्वारीचं पीठ लावायचं आणि वरून लसणाची फोडणी.

"घोटा," मामी म्हणायच्या. "हात नका आखडू. पान दिसलं नाही पाहिजे."

मी घोटायचो. पान दिसायचं नाही.

पाला गोडदेवच्या नाक्यावर मिळायचा. चेणे गावाकडून एक बाई टोपली घेऊन यायची. तिनं मला चार दिवसांत ओळखलं. मी दिसलो की जुड्या बाजूला काढून ठेवायची. "ताजी हाय, दादा. पानी मारल्याली न्हाय," म्हणायची. मी रोज तीन जुड्या घ्यायचो. एकदा तिनं विचारलं, "घरात मानसं किती?" मी तीन म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि चौथी जुडी तशीच दिली.

बायको खायला लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिनं वाटी पुढे करून मागितलं. तिच्या गालावर रंग आला, निदान मला तसं दिसलं. भाकरी आम्ही खालच्या पोळीभाजीवाल्या ताईंकडून आणायचो, पण गरगटं माझं असायचं. तीन आठवड्यांनी मामी गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता काळजी नाही. हातात चव आली तुमच्या." ते ऐकून मला जे वाटलं ते लपवत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

मामी गेल्यावर मी हात आखडला नाही, उलट वाढवला. आठवड्यातले पाच दिवस, मग सहा. पावट्यात शेपू, मुगात मेथी, चवळीत शेवग्याचा पाला. कोथिंबीर मूठ मूठ. डब्यातही तेच, रात्रीही तेच. ऑफिसात बसल्या बसल्या मी उद्या काय भिजत घालायचं ते ठरवायचो.

त्याच दिवसांत शाळेत निकाल आणि दाखल्यांची गर्दी सुरू झाली. रक्त तपासायची तारीख आली.

"पुढच्या आठवड्यात जाऊ," ती म्हणाली. "बरं वाटतंय मला."

तिला बरं वाटतंय हे मला दिसत होतं. मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यात मी म्हणालो, "आता शनिवार बघू." त्या शनिवारीही गेलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कुणी भांडलं नाही, कुणी विसरलंही नाही. फक्त गेलो नाही.

एका दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा ती खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती. मी चप्पल काढतोय तोच म्हणाली, "अहो, आवाज येत नाहीये."

"कसला?"

तिनं मेथीच्या काडीनं छातीकडे दाखवलं.

मी तिच्याजवळ बसलो आणि कान लावला. आवाज होता, पण लांबचा. रोजचा तो कडक टोला नव्हता. काहीतरी मऊ वस्तूवर बोट आपटावं तसं येत होतं. मी कान काढला. आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि खरं सांगतो, आम्ही हसलो. सहा महिने तो आवाज आमच्यामध्ये झोपला होता. कारखान्यातल्या बायका भेटायला आल्या की गप्प होऊन ऐकायच्या. रिक्षात शेजारी बसलेला माणूस स्वतःचं घड्याळ बघायचा. तो आवाज गेला, तर ते वाईट असेल असं आमच्या मनात आलं नाही.

"आत मांस भरलं असेल," मी म्हणालो. "जखम भरली की असंच होतं."

हे कुठून सुचलं ते मला माहीत नाही. मी मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, "भाजी लागू पडली बघा." त्या संध्याकाळी मी चवळी नेहमीपेक्षा जास्त शिजवली आणि शेजारच्या गुजराती बेनकडेही वाटी पाठवली.

पुढचे चार दिवस मी आता रोज मोजून आठवतो. पहिल्या दिवशी तिनं झोपताना दुसरी उशी घेतली. दुसऱ्या दिवशी कोरडा खोकला आला. तिसऱ्या दिवशी दळण घेऊन वर येताना ती पहिल्या मजल्यावर बसली आणि मला म्हणाली, "पोट फुगतंय हो. चवळीचा गॅस असेल." मला पटलं. कडधान्य रोज खाल्लं की गॅस होणारच. मी फोडणीत हिंग वाढवला. ओवा घातला. कडधान्याचं पहिलं पाणी ओतून द्यायला लागलो. तिचा श्वास अडत होता आणि मी हिंगाचं माप बदलत होतो.

चौथा दिवस शनिवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. गॅसवर पावटे उकळत होते, पालक चिरून ताटात होता. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. चौकट धरून उभी राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं. "अहो," म्हणाली आणि थांबली. परत "अहो" म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला पुरेल एवढी हवा नव्हती. ओठ करडे पडले होते.

बेनला हाक मारली. तिनं गॅस बंद केला आणि आमचं दार लावलं. मी बायकोला धरून जिने उतरवले. रिक्षात ती पुढे वाकून बसली होती, मागे टेकता येत नव्हतं. रिक्षावाल्यानं आरशात एकदा बघितलं आणि मग सिग्नलला थांबलाच नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. जागा बदलून परत ऐकलं. मग तो नर्सला इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि ती धावत गेली. रक्ताचा आकडा आला एक पॉइंट चार.

डॉक्टर मराठी होता, माझ्यापेक्षा लहान. "गोळी चुकली होती का?" त्यानं विचारलं.

"एकदाही नाही. मी स्वतः देतो."

"नवीन औषध? आयुर्वेदिक, काढा वगैरे?"

"नाही."

"खाण्यात काही बदल?"

मी सांगितलं. चवळी, पावटे, पालक, मेथी, शेवग्याचा पाला, आठवड्यातून सहा दिवस. सांगताना माझ्या आवाजात थोडा अभिमान होता. इमर्जन्सी वॉर्डाच्या दारात उभा असतानासुद्धा होता. डॉक्टर लिहीत होता, त्याचं पेन थांबलं.

"किती दिवस?"

"दोन महिने होतील."

त्यानं मला बाजूला नेऊन सांगितलं. हिरव्या पाल्यात जे असतं ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं. गोळी रक्त पातळ ठेवते, पाला ते परत घट्ट होऊ देतो. पालेभाजी खायला बंदी नाही, पण ती ठरलेल्या मापात हवी, कारण गोळीचं माप त्यावर बसवलेलं असतं. "एकदम वाढवली, ते चुकलं," तो म्हणाला. "आणि तपासणी झाली असती तर आकडा आधीच दिसला असता." तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

त्यानं पडद्यावर झडप दाखवली. तिला दोन पाकळ्या होत्या. एक उघडत-मिटत होती. दुसरी तिरकी अडकून राहिली होती, हलत नव्हती. तिच्यावर गुठळी बसली होती. आवाज म्हणून गेला होता.

गुठळी विरघळवायचं औषध सलाईनमधून द्यायचं होतं. विरघळताना तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. रोज शंभर कागदांवर माझा शिक्का पडतो, पण त्या कागदावर माझं नाव मला नीट लिहिता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळी सुटली. त्याच दुपारी मी तिला पाणी पाजत होतो तर पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळलं. तुकडा गेला होता. लहान होता, असं म्हणाले. तोंड आठवड्यात सरळ झालं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र तेव्हापासून तिचं ऐकत नाहीत. कारखान्यात ती परत गेली नाही.

घरी आल्यावर कितीतरी दिवस मी तिला ते सांगितलं नाही. मग एका सकाळी चहा पिताना सगळं सांगितलं: दारातली नर्स, अर्धं ऐकलेलं वाक्य, पालेभाजी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं ना आवाज गेला म्हणून, त्याच्या आधी तीन दिवस तो कमीच होता."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं कपातल्या सायीला फुंकर मारली. "तीन दिवस छान झोप लागली होती मला."

मामींना आम्ही एवढंच सांगितलंय की गोळीचं माप चुकलं. त्यांनी दुसऱ्यांदा चवळी पाठवली, मी ती शेजारी वाटून टाकली. फोनवर त्या विचारतात, "पालेभाजी करता ना?" मी हो म्हणतो. ते खोटंही नाही. बुधवारी आणि रविवारी एक वाटी, ठरलेली वाटी, ठरलेल्या दोन भाज्या. टोपलीवाली आता मला दोन जुड्या देते आणि काही विचारत नाही.

रक्त दर महिन्याला तपासतो, एक दिवसही पुढे जाऊ देत नाही. गोळीची वेळ, भाजीची वाटी, सगळं एका वहीत लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात आकडा दोन पॉइंट एक आला, परत अडीचच्या खाली. डॉक्टरांनी वही मागितली, पानं उलटून बघितली आणि विचारलं, "या महिन्यात काय बदललं?"

आम्ही दोघांनी आठवून बघितलं. घरी आल्यावर परत एकेक दिवस धरून आठवून बघितलं. काहीच बदललं नव्हतं.