घडीच्या टेबलावरची आत्या

"हात चालू दे, बोलणं मागून येतं." नवी बाई टेबलावर आली की आत्या पहिल्या दिवशी तिला हे सांगायची आणि पुढे रोज सांगत राहायची. कुणी रडत आली तरी हेच, कुणी भांडून आली तरी हेच. ऐकणारीला वाटे, बाई कामाची कडक दिसते. चार दिवस गेले की तिला कळे, तसं नाही. ही बोलायला जागा करून देतेय.

ते धुलाईघर होतं. गावातल्या सगळ्या दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले तिथे येत. मळकी बाजू आणि उजळ बाजू यांच्या मधोमध भिंत. मळक्या बाजूला मोठाले पिंप गरगरत असत. उजळ बाजूला रोलरमधून कोमट, कोरड्या चादरी सरसरत बाहेर पडत आणि घडीच्या टेबलावर येत. उजळ बाजूच्या तोंडाशी जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला. टोपी आणि डगला घातल्याशिवाय त्या पट्ट्याच्या आत मालकालाही मुभा नव्हती.

चादरीची घडी एकटीच्या हाताने होत नाही. दोघी दोन टोकं धरतात, ताणतात, झटकतात, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक लावतात. त्या क्षणी दोघींची तोंडं इतकी जवळ येतात की रोलरच्या घरघरीतही कुजबुज ऐकू जाते. मग पुन्हा लांब, पुन्हा जवळ. एका चादरीत एखाद-दुसरं वाक्य बसतं. अशा वाक्यावाक्याने त्या टेबलावर किती संसार उलगडले आणि पुन्हा नीट घडी घालून ठेवले गेले, त्याची मोजदाद नाही.

आत्या त्या टेबलाची मुकादम. बुटकी, रुंद, चालताना एका अंगावर कलणारी. नवरा तरुणपणीच गेला तेव्हा टेबलावरच्या बऱ्याच जणींसारखी तीही सरकारी भत्त्यावर होती, आणि भत्ता घेणाऱ्याने रोज अर्धा दिवस काम केलंच पाहिजे या अटीवर इथे आली होती. पुढे भत्ता सुटला, काम राहिलं. लोकांना वाटायचं, हिने घरात फार सोसलं असणार, म्हणून हिला दुसरीचं दुखणं कळतं. तसं काही नव्हतं. तिचा नवरा इतका लाजाळू होता की मीठ हवं असलं तरी मीठदाणीकडे बघत बसायचा. आत्याला आयुष्यात कुणी बोट लावलं नव्हतं. कदाचित म्हणूनच दुसरीच्या अंगावरचा वळ बघायची तिला सवय झाली नाही. दर वेळी तो तिला पहिलाच वाटे.

त्या वर्षी टेबलावर सगळ्यात लहान होती ती धाकटी. भत्त्यावरचीच. नवरा रंगारी, घरं रंगवणारा, दिसायला देखणा, बोलायला गूळ. मुलगी तीन वर्षांची, ती धुलाईघराच्याच पाळणाघरात असायची. धाकटीची जोडीदारीण म्हणजे तोफ. हे नाव तिला आवाजावरून पडलेलं. ती कुजबुजली तरी मळक्या बाजूला ऐकू जाई. म्हणून धाकटी तोफेशी काही बोलायची नाही. ती आत्याशी बोलायची, आत्या टोक धरायला आली की.

पण बोलण्याआधीच आत्याला कळलं होतं. झटका देताना चादर दोन्ही टोकांनी सारखी वर गेली पाहिजे. धाकटीची बाजू कधी कधी खालीच राहायची. हात खांद्याच्या वर जायचा नाही.

नवरा तिला कामावर जाऊ द्यायचा नाही. तसं तोंडाने कधी म्हणायचा नाही. सकाळी चपला सापडायच्या नाहीत. धुतलेला एकुलता एक कपडा पुन्हा ओला व्हायचा. कधी तो बाहेर जाताना दाराला कडी लावून जायचा आणि आल्यावर म्हणायचा, अगं, विसरलो. भत्ता तिच्या नावावर यायचा, आणि बाईच्या हातात पैसा खेळला की तिला जीभ फुटते, हे त्याचं गणित होतं. कामाची अट मोडली की भत्ता बंद. त्याला तेवढंच हवं होतं, हात न उचलता. हात तो उचलायचा, तो निराळ्या कारणांसाठी.

या टेबलावर एक रीत होती. दारापाशी बिल्ल्यांची फळी होती; आत येताना आपला पत्र्याचा बिल्ला डाव्या खिळ्यावरून उजव्या खिळ्यावर टांगायचा. भोंगा वाजला की फळीला झडप लागायची. ज्याचा बिल्ला डावीकडे राहिला, त्याचा अर्धा दिवस गेला. पण घडीच्या टेबलावरची कुणी मागे राहिली तर दुसरी कुणीतरी तिचा बिल्ला उजवीकडे टांगायची आणि ती येईपर्यंत तिचं काम वाटून घ्यायची. ही रीत आत्यानेच पाडलेली. धाकटीचा बिल्ला तर ती स्वतः टांगायची. बिचारी पोहोचेल कशीबशी, तोवर तिची भाकरी का जावी, एवढाच विचार.

तरी ज्या दिवशी धाकटी आलीच नाही, ते दिवस सुटतानाच्या हजेरीत गैरहजर म्हणून लागलेच. असे दिवस साचले आणि भत्त्याच्या कचेरीतून सुनावणीला बाई आल्या. भत्त्याच्या बाई तरुण होत्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. मॅनेजरच्या काचेच्या खोलीत बसल्या. धाकटीबरोबर रंगारीही आला, धुतलेला सदरा घालून. बायकोला एकटीला कसं पाठवू, म्हणाला. मुकादम म्हणून आत्याला बोलावणं आलं.

नियमात एक वाट होती, ती आत्याला माहीत होती. घरात मारहाण असेल तर कामाची अट ढिली होते, कामाची जागा बदलून मिळते, राहायला आसराही मिळतो. पण तसं त्या बाईने स्वतः तोंडाने सांगावं लागतं. आज सांगितलं नाही तर भत्ता बंद, आणि मग धाकटीला घराबाहेर पडायला काही कारणच उरणार नव्हतं.

बाईंनी विचारलं, घरून काही अडचण आहे का? रंगारी धाकटीकडे बघून मायेने हसला. धाकटी म्हणाली, नाही. मग तोच बोलू लागला. मॅडम, जरा आळशी आहे, पण मनाने चांगली आहे. मी रोज उठवतो, डबा हातात देतो. आता तुम्हीच काय ते समजावा.

बाईंनी फळीची नोंद चाळली. म्हणाल्या, आल्या तेव्हा अगदी वेळेवर आल्या आहेत, एकदाही उशीर नाही. घरून अडवणूक असती तर कधीतरी उशीर झालाच असता. मग हे मधले दिवस का चुकले?

आत्याच्या ध्यानात आलं. आपण दया म्हणून टांगलेला बिल्ला आता त्याच्या बाजूने उभा होता. रंगाऱ्याने मान डोलावली, तेच ना मॅडम, मनात आणलं तर येते. आणि बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

आता इथेच तोंड उघडावं, असं आत्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण धाकटीने मान हलवून नाही म्हटलं असतं, आणि संध्याकाळी त्याच माणसाबरोबर त्याच दारातून आत गेली असती. आत्याने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, लिहायच्या आधी हिचं काम बघा. टेबलावर चला. माणूस कामावर कळतो."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग टोपण परत लावलं आणि उठल्या. रंगारीही उठला. पिवळ्या पट्ट्यापाशी आत्या आडवी आली.

"तुम्ही इथेच थांबा, जावईबापू. दवाखान्याच्या चादरी आहेत."

"एक मिनिट तर जायचंय, आत्या."

"चपलांना रंग आहे तुमच्या. उद्या कुणाच्या जखमेच्या टाक्यांत गेला म्हणजे?"

तो हसला आणि पट्ट्याला पाऊल लावून उभा राहिला. तिथून टेबल दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं.

आत्याने बाईंना टोपी घातली, डगला चढवला आणि तोफेला म्हणाली, टोक यांच्या हातात दे. पहिल्या चादरीत दोघी नुसत्या जवळ आल्या आणि लांब गेल्या. दुसऱ्या चादरीला झटका देताना धाकटीची बाजू खाली राहिली. ते बाईंनी पाहिलं. आत्या बाजूला अभ्रे लावत होती. मान वर न करता ती धाकटीला म्हणाली, हात चालू दे, पोरी.

तिसरी चादर. टोकाला टोक लागलं.

"दार बाहेरून लावतो," धाकटी म्हणाली.

बाई जागीच थिजल्या. चादर सैल पडली. पट्ट्यापाशी रंगाऱ्याने मान उंचावली.

"थांबू नका बाई," आत्या म्हणाली. "तो हातांकडे बघतोय."

बाई सावरल्या. लांब गेल्या, ताणलं, झटकलं, जवळ आल्या. खांदा? परवा, भिंतीवर आपटलं. पुन्हा लांब. मुलगी कुठे? इथेच, मागे, पाळणाघरात. पुन्हा जवळ. "आज काही बोललीस तर पोरीला घेऊन जातो, म्हणालाय." हे धाकटी अशा आवाजात बोलली, जणू बाजाराची यादी वाचतेय. तिचे डोळे कोरडे होते, हात सफाईने चालले होते. रंगारी पट्ट्यापाशी खिशात हात घालून उभा होता आणि मधूनच घड्याळ बघत होता.

पुढच्या चादरीत बाईंनी विचारलं, "मग रोज वेळेवर कशा यायचात?"

धाकटीने टोक धरलं ते धरूनच राहिली. आत्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खरं सांगितलं तर आत्याची नोकरी जाणार, आणि नाही सांगितलं तर हे सगळं खोटं ठरणार. ती ओठ मिटून मागे गेली, पुढे आली.

आत्याने अभ्र्यांची चळत नीट केली. "बिल्ला मी टांगत होते," ती म्हणाली. "ती रोज उशिराच यायची. हे पण लिहा, म्हणजे तिचं खरं धरतील."

बाईंनी ते ऐकून घेतलं. फक्त विचारलं, मागे माल चढवायच्या धक्क्याला गाडी लागते का? लागते, आत्या म्हणाली. माझी कचेरीची गाडी मागे घ्यायला सांगा, बाई म्हणाल्या, आणि पोरीला तिकडे आणायला सांगा. आत्याने एकीला डोळ्यानेच मागे पिटाळलं.

टोपी आणि डगला घातला की पाठमोऱ्या सगळ्या बायका सारख्याच. टेबलावरची एक जण अभ्र्यांची ढकलगाडी घेऊन टेबलाला वळसा घालून गेली. तिच्या आडोशाने धाकटी मागच्या दाराकडे सरकली, आणि तिच्या जागी तिच्याच अंगलटीची दुसरी उभी राहिली, पट्ट्याकडे पाठ करून. बाईंच्या जागी, मधल्या चादरीच्या आड, आत्याने तोफेला उभं केलं आणि बजावलं, तोंडातून एक अक्षर निघालं तर बघ. बाई मागोमाग निघून गेल्या.

तोफ जन्मात पहिल्यांदा गप्प राहिली. चादरी येत राहिल्या, दोघी जवळ येत राहिल्या, लांब जात राहिल्या. आत्या कान मागच्या दाराकडे लावून होती. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईना. मध्येच पाळणाघराच्या बाजूने एक पोर रडलं आणि रंगाऱ्याने तिकडे मान वळवली. बापाला आपल्या पोरीचं रडणं कळतं. त्याने पुन्हा टेबलाकडे पाहिलं, या वेळी हातांकडे पाहिलं. पाठमोऱ्या बाईचे दोन्ही हात सरळ डोक्याच्या वर गेले होते.

तो पट्टा ओलांडून आत आला.

"कुठे आहे ती?"

आत्या त्याच्या वाटेत उभी राहिली. रोलर चालू होते, कुणी हात थांबवले नाहीत. मागे गाडीचा दरवाजा लागला.

"तू कोण लागतेस गं तिची?" आता तो हसत नव्हता. "तुझं घर मला माहीत आहे."

"ये मग," आत्या म्हणाली. "दार उघडंच असतं."

त्याने तिला खांद्याने बाजूला लोटलं. ती टेबलावर आपटली, पण त्याच्या सदऱ्याची बाही तिने सोडली नाही. तेवढ्यात तोफेने इतका वेळ कोंडलेला आवाज सोडला आणि मळक्या बाजूचे सगळे पुरुष धावत आले. त्यांनी रंगाऱ्याला धरून फाटकाबाहेर काढलं. तोवर गाडी मागच्या रस्त्याला लागली होती. कुठे गेली, हे आत्यालाही कुणी सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

दुपारी मॅनेजरने तिला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता; तिच्याकडे बघायचं टाळत होता. म्हणाला, बिल्ल्यांची गोष्ट आता कागदावर आली आहे, माझा इलाज नाही. चौकशी होईपर्यंत येऊ नका. आणि आत्या, आज मागच्या दाराने जा, तो अजून फाटकासमोर बसलाय.

आत्या म्हणाली, आज मागच्या दाराने गेले तर रोजच मागच्या दाराने जावं लागेल. तिने टोपी काढली, डगला काढला, आपला बिल्ला मॅनेजरच्या मेजावर ठेवला. टेबलावर जाऊन कुणाचा निरोप घेतला नाही. घेतला असता तर काम थांबलं असतं.

फाटकासमोरच्या कट्ट्यावर रंगारी बसला होता. ती बाहेर पडली तसा तो उठला. आत्याने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि आपल्या वाटेने चालू लागली, एका अंगावर कलत, दुखरी बाजू हाताने धरून. तो चार पावलं तिच्या मागे गेला. तेव्हा फाटकावरचा म्हातारा पहारेकरी, जो साहेब आले तरी खुर्ची सोडत नसे, तो उठला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. वरच्या खिडक्यांतून तोफ आणि बाकीच्या बाया बघत होत्या. रंगाऱ्याने मान वर करून त्या सगळ्यांना पाहिलं आणि तो तिथेच थांबला. आत्या भिंतीच्या कडेकडेने गेली, कोपऱ्यावर क्षणभर टेकली, पुन्हा चालू लागली. ती वळून दिसेनाशी झाली तरी पहारेकरी रस्त्यातून हलला नाही.