भाऊंची अक्षरं

जळगावात स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. माझ्याबरोबर शिकवायला चोपड्याकडचे एक गृहस्थ होते, माझ्यापेक्षा थोडे मोठे. सगळे त्यांना भाऊच म्हणत. घरची केळीची शेती सोडून ते या पडद्यांच्या नादी लागले होते.

तेव्हाच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीच चाले. भाऊंनी स्वतः एक प्रोग्राम लिहून त्यावर मराठी आणलं होतं. प्रत्येक अक्षर आधी आलेख कागदावर चौकोन भरून काढायचं, मग ते ठिपका-ठिपका करून मशीनला सांगायचं. कित्येक वर्षं चाललं होतं हे. एकदा त्यांनी आईला क्लासमध्ये आणलं आणि पडद्यावर तिचं नाव उमटवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती हळूच अहिराणीत म्हणाली, "हाई मन्हं नाव शे?" भाऊंनी नुसती मान हलवली.

क्लासच्या मालकांचा पुतण्या पुण्यात नोकरीला होता. एका उन्हाळ्यात त्याने नव्या सिस्टिमची कच्ची आवृत्ती पाठवली, बाजारात यायच्या आधीची. फ्लॉप्यांचा मोठा गठ्ठाच होता. आम्ही दोघं दुपारभर एकेक फ्लॉपी घालत बसलो. मधेच एक वाचेना. भाऊंनी ती काढून, पुसून पुन्हा घातली. शेवटी पडदा उजळला. रंगीत चित्रं, उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खिडक्या, माउसने सरकणारा बाण. मुलं खुर्च्या सोडून भोवती जमली. मी तर टाळ्याच वाजवल्या.

"आता माझं लावून बघतो," भाऊ म्हणाले.

त्यांचा प्रोग्राम सुरू झाला आणि अक्षरांचा चुरा झाला. मात्रा एकीकडे, काने दुसरीकडे. मग सगळंच थिजलं. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"कच्ची आहे अजून," मी म्हटलं. "पक्की आली की चालेल."

"नाही चालायचं. माझा प्रोग्राम थेट पडद्यावर ठिपके टाकतो. ही सिस्टिम कुणाला थेट हात लावू देत नाही. सगळं तिच्यामार्फत."

"मग तिच्या पद्धतीने लिहा ना, भाऊ."

"पुन्हा पहिल्यापासून?" त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. पोरं अजून खिडक्या उघडून-मिटून हसत होती. भाऊ त्यांना म्हणाले, "चला, आता एकेकाने या. मी दाखवतो." आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रत्येकाला माउस धरायला शिकवलं.

पुढे पक्की आवृत्ती आली, जुनी मशीनं भंगारात गेली. भाऊंनी अक्षरांना पुन्हा हात लावला नाही. काही महिन्यांनी ते नोकरी सोडून शेतीकडे परत गेले. त्यांच्या त्या अक्षरांत छापलेलं एखादं पान माझ्याजवळ असावं, असं फार वाटतं. पण तेव्हा ते जपून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही.

नंतर एकदाच भेटले, धुळ्याच्या एसटी स्टँडवर. ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं खांद्यावर होतं. मी उत्साहाने सांगितलं, "भाऊ, आता नव्या मशीनवर मराठी छान उमटतं!"

"हो?" त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "कुणी केलं?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं.